सायकलचा डायनामो आणि मामांची फियाट



गेल्या वर्षी सहावीच्या घटक चाचणीत मी एक रिकामी जागा दिली होती. 'सायकलच्या चाकाला टेकून फिरणाऱ्या आणि दिवा लावणाऱ्या यंत्राला ______ म्हणतात.' उत्तर अर्थातच 'डायनामो'. एका मुलीनं लिहिलं, 'अल्टरनेटर'. मी लाल फुली मारली आणि शेजारी बरोबर उत्तरही लिहून दिलं. पेपर दाखवले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सर, आमच्या पप्पांनी सांगितलंय." मी म्हटलं, "पप्पांना नीट विचारून ये." वर्गात दोन-चार जण हसले. त्यानंतर विज्ञानाच्या तासाला तिनं हात वर करणं बंद केलं. हे माझ्या लक्षात यायलाही महिना गेला, हे कबूल करतो.

तिच्या वडिलांचं आमच्या शाळेपासून जवळच, आष्टा रस्त्याला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. स्टार्टर, डायनामो, अल्टरनेटर यांचं वायंडिंग हेच त्यांचं काम. मला ते माहीत होतं. तरी मी फुली मारली, कारण 'डायनामो' हे उत्तर मला माझ्या शाळेत शिकवलं होतं आणि डी.एड.ला असताना मीही पाठ घेताना तेच सांगितलं होतं.

माझे मामा सांगलीला असतात. वय सत्तरच्या पुढं. त्यांच्याकडं १९६९ सालची फियाट ११०० आहे, स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा असलेली. पुढं हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावानं विकली जायची आणि मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावायची. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात बनायची. तो कारखाना १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढला. सांगलीकरांना हे नाव वेगळं सांगायला नको. १९४७ साली सुरू झालेलं आपलं इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. मामा दर वेळी हे ऐकवतात. त्यांचं म्हणणं असं की सांगलीच्या माणसानं फियाट विकणं म्हणजे घरचं माणूस विकणं. त्यांची दोन्ही मुलं मात्र म्हणतात, भंगारात घाला.

नोव्हेंबरमध्ये साताऱ्याला एक लग्न होतं. मामा, मामी आणि मी त्याच गाडीनं गेलो. रात्री साडेआठला परत निघालो. अवकाळी पाऊस लागला. हेडलाइट, वायपर, आणि मामींचा मोबाइल चार्जरला, असं सगळं चालू होतं. कऱ्हाडला गर्दीत गाडी थांबली की दिवे मंदावायचे आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा. ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा उजळायचे. मामा म्हणाले, "जुनी गाडी आहे, श्वास घेते." पेठ नाक्याला महामार्ग सोडून इस्लामपूरकडं वळलो तेव्हा दिवे पिवळे पडलेले होते. इस्लामपूर सोडल्यावर तर समोर दहा-पंधरा फुटांपलीकडं काही दिसेना.

तुम्ही या भागातले असाल तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. गाळप हंगाम सुरू झालेला. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, वर ऊस लोंबतोय. मामींना ती आधी दिसली म्हणून हा लेख मी लिहू शकतोय. मामांनी गाडी कच्च्या साइडपट्टीवर घातली, इंजिन बंद पडलं आणि परत चालू होईना. बॅटरी संपली होती. रात्री पावणेबाराला आम्ही तिघं पावसात उभे होतो.

सकाळी ट्रॅक्टरनं ओढून गाडी जवळच्या दुकानात नेली. दुकान कुणाचं, ते सांगायला नको.

तिच्या वडिलांनी बॉनेट उघडलं, डायनामो काढला, त्याच्या पाठीवरची पट्टी सरकवली आणि म्हणाले, "सर, हे कार्बन बघा, नखाएवढं उरलंय. आणि ह्यो कॉम्युटेटर बघा, पार खाल्लाय. नवं वायंडिंग करून देतो, पण काका रात्रीचं चालवत असतील तर ह्यो डायनामो काढा. अल्टरनेटर टाका." मामा लगेच म्हणाले, "नाही. ओरिजिनल पाहिजे."

मग त्या माणसानं दुकानाच्या फरशीवर खडूनं जे हिशोब मांडले, ते मी तसेच्या तसे वर्गात वापरले आहेत. पाचवी-सहावीच्या भागाकाराला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. हेडलाइटचे दोन हॅलोजन, ५५ वॅटचे, म्हणजे ११० वॅट. मागचे दिवे, नंबर प्लेट, डॅशबोर्ड मिळून २०. इग्निशन कॉइल ४०. वायपर ३०. मोबाइल १०. एकूण २१० वॅट. गाडी १२ व्होल्टची, म्हणून २१० भागिले १२, म्हणजे साडेसतरा अँपिअर. हा खर्च. आता जमा. त्या काळच्या डायनामोची कमाल ताकद २०-२२ अँपिअरच्या आसपास असते आणि तीही इंजिन जोरात फिरत असताना. आमचा झिजलेला डायनामो दहा देत असेल असं धरा. तुटवडा साडेसात अँपिअरचा. तो भरून काढायचा बॅटरीनं. बॅटरी जुनी, तिच्यात उरलेला साठा समजा १५ अँपिअर-तास. १५ भागिले साडेसात, म्हणजे दोन तास. साताऱ्याहून निघून पावसातून, कऱ्हाडच्या गर्दीतून इस्लामपूर गाठायला आम्हाला अडीच तासांच्या वर लागले होते.

मुलांना हे सांगताना मी पगार आणि बँकेतली शिल्लक असं उदाहरण देतो. डायनामो म्हणजे महिन्याचा पगार, बॅटरी म्हणजे शिल्लक. गाडी बॅटरीवर चालते असं बहुतेक मुलं (आणि खरं सांगायचं तर बरेच मोठे लोकही) समजतात. पेट्रोल गाडीत बॅटरी मुख्यतः इंजिन सुरू करण्यापुरती लागते. इंजिन सुरू झालं की सगळा खर्च डायनामोनं किंवा अल्टरनेटरनं भागवायचा आणि बॅटरीतून काढलेलंही परत भरायचं.

आता मुख्य मुद्दा. डायनामो आणि अल्टरनेटर यांत फरक काय? इथं मी थोडा वेळ घेणार आहे, कारण माझी चूक इथंच होती.

तत्त्व दोन्हींचं एकच, मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं. तारेच्या वेटोळ्याजवळचं चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की तारेत वीज निर्माण होते. मग चुंबक फिरवा किंवा वेटोळं फिरवा. कोण फिरतं आणि कोण जागेवर राहतं, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

गाडीच्या डायनामोत चुंबक बाहेर स्थिर असतो आणि वेटोळं, म्हणजे आर्मेचर, आत फिरतं. फिरणाऱ्या वेटोळ्यात वीज दर अर्ध्या फेरीला दिशा बदलते. बॅटरीला मात्र एकाच दिशेची वीज लागते. म्हणून आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं एक कडं बसवतात, तो कॉम्युटेटर. त्यावर कार्बनचे ठोकळे घासत राहतात. दिशा बदलायच्या नेमक्या क्षणी कार्बन एका पट्टीवरून दुसरीवर जातो आणि बाहेर येणारी वीज एकाच दिशेची राहते. युक्ती फार सुंदर आहे. पण गाडीला लागणारी सगळी वीज त्या घासणाऱ्या कार्बनमधूनच बाहेर पडते. ठिणग्या उडतात, कार्बन झिजतो. शिवाय आर्मेचर तारांनी जड झालेलं असतं. फार जोरात फिरवलं तर तारा बाहेर फेकल्या जातील. म्हणून त्याची पुली मोठी ठेवून वेग मर्यादित ठेवतात. परिणाम असा की इंजिन मंद असताना, म्हणजे सिग्नलला, गर्दीत, डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. मामा ज्याला 'श्वास घेणं' म्हणत होते ते हेच होतं.

अल्टरनेटरमध्ये अदलाबदल केलेली असते. चुंबक आत फिरतो आणि वेटोळी बाहेर स्थिर राहतात. आतला चुंबक विजेवर चालणारा असतो, पण त्याला लागतात फक्त तीन-चार अँपिअर. तेवढेच कार्बनमधून जातात, तेही गुळगुळीत कड्यांवरून, त्यामुळं झीज खूप कमी. गाडीला लागणारी मोठी वीज बाहेरच्या स्थिर तारांमधून सरळ निघते. फिरणारा भाग दणकट असल्यानं पुली छोटी बसवता येते आणि तो इंजिनाच्या दुपटी-तिपटीनं फिरतो. म्हणून गाडी जागेवर उभी असतानाही चार्जिंग मिळतं.

मग पूर्वीपासून हेच का नाही बसवलं? कारण बाहेर येणारी वीज दिशा बदलणारी असते. तिला एका दिशेची करायला लहान आणि स्वस्त सिलिकॉन डायोड लागतात, आणि ते मोटारीत घालण्याजोगे व्हायला १९६० उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीनं व्हॅलियंट या गाडीत अल्टरनेटर दिला. मजा बघा, कुर्ल्याच्या प्रीमियरनं सुरुवातीला याच क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या होत्या. तरी मामांची फियाट नऊ वर्षांनंतरही डायनामो घेऊनच बाहेर पडली.

आता सायकलकडं या. तो बाटलीसारखा डायनामो उघडून पाहिलाय कधी? मी सोळा वर्षं शिकवतोय, कधीच उघडला नव्हता. त्या दिवशी दुकानात एक जुना पडलेला होता, त्यांनी दोन मिनिटांत खोलून दिला. आत मधोमध चुंबक फिरतो आणि भोवती वेटोळं स्थिर. कॉम्युटेटर नाही. बाहेर येते ती दिशा बदलणारी वीज. बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं, त्यामुळं तो लागतो. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या डायनामो म्हणत आलो, तो रचनेनं अल्टरनेटर आहे. बाजारात त्याला डायनामोच म्हणतात आणि पुस्तकातलं उत्तरही व्यवहाराला धरून बरोबरच आहे. पण त्या मुलीचं उत्तर चूक नव्हतं. माझ्यापेक्षा ते जास्त बरोबर होतं.

मी त्यांना फुलीबद्दल सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "तिनं सांगितलं होतं. म्हटलं, सर म्हणतील तसं लिही, मार्क जायला नकोत." हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

मामांचा 'ओरिजिनल'चा हट्ट मामींनी सोडवला. "पुढच्या खेपेला ट्रॉली मला दिसेलच असं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मारुतीचा दुरुस्त केलेला अल्टरनेटर बसवायचं ठरलं. माझं मत विचाराल तर, गाडी फक्त दिवसा फिरवायची असेल किंवा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची असेल, तर डायनामो नीट करून ठेवावा. चांगला भरलेला डायनामो दिवसाचा खर्च आरामात भागवतो. पण कुटुंब घेऊन रात्री हायवेवर जाणार असाल तर हट्ट करू नये. काढलेला डायनामो मात्र भंगारात देऊ नका.

कामाला दीड दिवस लागला. पालकांपैकी कुणाकडं जुनी फियाट, ॲम्बॅसेडर किंवा जीप असेल, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. पहिली गोष्ट त्यांनी तपासली ती बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय ही. फियाटला निगेटिव्ह असतं, ते ठीक. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असू शकतं. तसं असताना अल्टरनेटर जोडला तर डायोड क्षणात जळतात. मग ब्रॅकेट. जुना बसत नाही, लेथवर नवीन करून घ्यावा लागला. अल्टरनेटरची पुली आणि इंजिनाची पुली एका रेषेत आली पाहिजे, नाहीतर पट्टा कडेनं कातरतो. पट्टा ताणताना अंगठ्यानं मध्यावर दाबायचा, साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे. फार ताणला तर बेअरिंग जाते.

भिंतीवरचा जुना कटआउटचा डबा कामातून काढला. इंजिन मंदावलं की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी होतो आणि वीज उलटी बॅटरीतून डायनामोकडं जाऊ लागते. तेव्हा जोडणी तोडायचं काम हा डबा करायचा. अल्टरनेटरमध्ये डायोडच उलटी वाट अडवतात आणि रेग्युलेटर आतच असतो. दिसायला गाडी जुनीच राहावी म्हणून रिकामा डबा जागेवर ठेवला, त्यावर मामा खूश झाले. बॅटरीकडं जाणारी जुनी वायर २०-२२ अँपिअरच्या हिशोबाची होती, ती बदलून जाड वायर टाकली आणि फ्यूज बसवला. या वायरवर पैसे वाचवू नका, गाडीला आग लागते ती इथून. ज्या जुन्या जीपमध्ये डॅशबोर्डवर अँपिअरचं मीटर असतं, तिथं सगळं चार्जिंग त्या मीटरमधून जातं, त्यामुळं त्याचाही विचार करावा लागतो.

एक गोष्ट मला फार आवडली. डॅशबोर्डवरचा तो छोटा लाल दिवा नुसता सूचना देत नाही. चावी फिरवल्यावर त्याच बल्बमधून थोडी वीज अल्टरनेटरच्या चुंबकाला मिळते आणि त्यावर तो जागा होतो. बल्ब उडालेला असेल तर कधीकधी चार्जिंग सुरूच होत नाही. त्या जागी एलईडी टाकला तरी हीच अडचण, कारण तो पुरेशी वीज जाऊ देत नाही.

शेवटी मल्टिमीटर. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आदल्या दिवशी दुसरी बॅटरी लावून, जुना डायनामो असताना, हेडलाइट चालू करून इंजिन मंद ठेवलं तेव्हा ११.८ आले होते. अल्टरनेटरवर १३.९ आले. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला समजायचं. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का बघू' हा आपल्याकडचा आवडता प्रयोग अल्टरनेटरवर अजिबात करू नका. दाब एकदम चढून डायोड जातात. सगळं धरून खर्च सात हजारांच्या आत झाला.

मामांनी तो काढलेला डायनामो शाळेला दिला. आता तो आमच्या विज्ञान कोपऱ्यात आहे. शेजारी खोललेला सायकलचा डायनामो. या दोन वस्तूंवर मी चुंबकाच्या पाठानंतर दोन तास घेतले. तुम्हीही घ्या, म्हणून कृती सांगतो.

जुन्या सायकल दुकानात किंवा भंगारवाल्याकडं बाटली डायनामो अजून मिळतो. तो लाकडाच्या फळीवर पक्का बसवा. एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. त्यांच्यासोबत ४७० ओहमचा रेझिस्टर घाला आणि डायनामोला लावा. डायनामोचं डोकं बोटानं हळू फिरवा. लाल, हिरवा, लाल, हिरवा असे दिवे आलटून पालटून लागतात. वीज दिशा बदलते हे वाक्य मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिलं, पण मुलांना ते इथं दिसलं. जोरात फिरवलं की दोन्ही एकदम लागल्यासारखे वाटतात. का, ते मुलांनाच विचारा. मग हिरवा काढून टाका. लाल एकटा अर्धाच वेळ लागतो. डायोड हेच काम करतो, एकाच बाजूनं जाऊ देतो, हे आता समजावणं सोपं जातं.

दुसरी कृती सायकल उलटी ठेवून करायची. एकानं पायडल हातानं फिरवायचं, दुसऱ्यानं मध्येच बल्बची वायर जोडायची. चाक लगेच जड लागतं. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "सर, कुणीतरी आतनं धरल्यागत वाटतंय." दिवा लावायला लागणारी ताकद हाताला कळते. गाडीत तीच ताकद पेट्रोलमधून येते. पालकांनी घरी हे करायला हरकत नाही, फक्त मल्टिमीटर घरातल्या बोर्डात घालायचा नाही, हे आधीच बजावून ठेवा.

फियाटचा डायनामो कुणी उघडून दाखवायचा, हा प्रश्न आला तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं आणि वर्गासमोर सांगितलं की चाचणीत तिचं उत्तर बरोबर होतं, चूक माझी होती. ती उठली. कार्बन कसा काढायचा, कॉम्युटेटरच्या दोन पट्ट्यांमधली खाच हॅकसॉ ब्लेडनं कशी साफ करायची, आर्मेचर कुठं धरायचं नाही, हे तिनं सगळं दाखवलं. पाठमोरी बसलेली मुलं पुढं सरकली. एकानं विचारलं, "मग मोटारसायकलमध्ये काय असतं?" मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बहुतेक गाड्यांत मॅग्नेट फिरतो, कॉइल तशीच. म्हणजे सायकलसारखंच."

तास संपल्यावर ती चाचणीचा पेपर घेऊन टेबलाजवळ आली. मी फुली खोडली, बरोबरची खूण केली, खाली सही केली.

"सर, मार्क?"

अर्धा गुण होता. तो वाढवून दिला. तिनं बेरीज पुन्हा करून बघितली आणि मगच पेपर दप्तरात ठेवला.